मैदान हाही सार्वजनिक पाणवठाच!

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. कोल्हापुरातल्या एका वस्तीत जयंतीनिमित्त माझे व्याख्यान होते. विषय भारदस्त होता, 'भारतीय संविधान आणि आजचा तरुण'. तासभर बोललो. टाळ्या झाल्या, शाल मिळाली, चहा आला. खुर्च्या गोळा करणारा एक पन्नाशीचा माणूस हात पुसत जवळ आला. गवंडीकाम करणारा, अंगावर अजून सिमेंटचे डाग. म्हणाला, "वकीलसाहेब, भाषण झ्याक झालं. पर येक सांगू का? रागावू नगासा. फुडं बसल्याली समदी चाळिशीच्या म्होरची. तरुण पोरं मैदानावर हुती. तिकडं कवा येतासा?"

हा माणूस गेली कित्येक वर्षे दर रविवारी सकाळी वस्तीतल्या पंचवीस-तीस पोरांना घेऊन मैदानावर जातो. चेंडू स्वतःच्या मजुरीतून घेतो. पंक्चर झाला की सायकलच्या दुकानात बसून दुरुस्त करून आणतो. फुटबॉल त्याने कधी कुठल्या संघातून खेळलेला नाही. "पोरं तिथं असली की दुसरीकडं नसत्यात," एवढेच त्याचे तत्त्वज्ञान. चळवळीच्या कोणत्याही कार्यकारिणीत त्याचे नाव नाही. आमच्या पत्रिकेवर त्याचे नाव कधी छापून आलेले नाही. मी मात्र वीस वर्षे व्याख्याने देत फिरतो आहे आणि त्या मैदानावर एकदाही गेलो नव्हतो.

त्या रविवारी गेलो. आणि जे पाहिले, त्यातून हा लेख लिहावासा वाटला.

कोल्हापूरचा फुटबॉल कोण चालवतो?

कोल्हापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला कुस्ती, तांबडा-पांढरा रस्सा आणि चप्पल आठवते. पण कोल्हापूरच्या पोराला विचारा, तो फुटबॉलचे नाव घेईल. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमी, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी ही नुसती संघांची नावे नाहीत, ती पेठांची आणि गल्ल्यांची ओळख आहे. राजर्षी शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की शहराचा अर्धा जीव तिथे असतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वरिष्ठ गटात १६ संघ खेळतात. क्रिकेटने गिळलेल्या या देशात एखाद्या जिल्ह्याच्या गावाने फुटबॉल असा जिवापाड जपावा, ही साधी गोष्ट नाही. याच शहरातल्या एका रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला.

पण स्टेडियमवर दिसतो तो फुटबॉलचा कळस. पाया गल्लीत आहे. दहा-बारा वर्षांच्या पोराला पहिल्यांदा कोण सांगते की चेंडू अंगठ्याने नाही, पायाच्या आतल्या बाजूने ढकल? कोण त्याच्या आईला समजावते की पोरगं वाया जात नाही? कोण जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड गोळा करून नोंदणीचा अर्ज भरते? कोण पावसाळ्यात चिखलात चुन्याच्या रेघा मारते? या कामाला पगार नाही. या माणसांचे फोटो पेपरात येत नाहीत. कोणी सेंट्रिंगवाला, कोणी रिक्षावाला, कोणी दूधसंघातला कामगार, कोणी निवृत्त शिपाई. हे आहेत फुटबॉलचे स्वयंसेवक.

'स्वयंसेवक' शब्द उच्चारला की आपल्या लोकांच्या कपाळावर आठी पडते. भलतीच शाखा डोळ्यांपुढे उभी राहते. पण बांधवांनो, हा शब्द कुणाच्या मालकीचा नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांच्या परिषदेत पाण्याची, जेवणाची, शिस्तीची व्यवस्था ज्यांनी पाहिली तेही स्वयंसेवकच होते. समता सैनिक दल कशावर उभे राहिले? बिनपगारी, बिननावाच्या तरुणांवर. आपण शब्द टाकून दिला आणि त्याबरोबर कामही टाकून दिले, हे आपले नुकसान.

ठराव १९२३ चा, पाणी १९२७ ला

कुणी म्हणेल, फुटबॉलमध्ये चळवळीचे काय? मी वकील आहे, म्हणून आधी कायद्याच्या बाजूने सांगतो.

भारतीय संविधानाचे कलम १५ आपण सगळे सांगतो. पण त्यातले दुसरे उपकलम नीट वाचा. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखलेली किंवा सर्व जनतेच्या वापरासाठी दिलेली सार्वजनिक राबत्याची ठिकाणे यांच्या वापरासाठी धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही. सार्वजनिक राबत्याचे ठिकाण म्हणजे काय? महापालिकेचे मैदान म्हणजे तेच. तळे आणि मैदान संविधानाने एकाच ओळीत बसवले आहे.

आणि तळ्याचा इतिहास काय सांगतो? सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तसा ठराव केला. म्हणजे कागदावर चवदार तळे खुले झाले होते. पण कोणी पाणी प्यायले का? नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन चालत गेले, ओंजळ भरली, तेव्हा तळे खुले झाले.

मैदानाचे तसेच आहे. आज कोणत्याही मैदानावर 'अमुक जातीला बंदी' अशी पाटी नाही. तशी पाटी कोणी लावणारही नाही. पण सकाळी साडेसहाला मैदानावर कोण असते? ज्यांच्या मागे तालीम आहे, मंडळ आहे, बूट घेऊन देणारा काका आहे, ते असतात. आपल्या वस्तीचे पोरगे कडेला उभे राहून बाहेर गेलेला चेंडू परत फेकते. त्याला कोणी हाकलत नाही आणि कोणी बोलावतही नाही. हक्क आहे, पण हक्कापर्यंत हात धरून नेणारे माणूस नाही. ते माणूस म्हणजे स्वयंसेवक.

दोन चहांची गोष्ट

हे कोल्हापूर आहे. इथे राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांसाठी नोकरीत ५० टक्के जागा राखून ठेवल्या, १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे केले, १९१२ साली खासबागचे कुस्ती मैदान बांधले. या राजाला कळले होते की पोराला पुस्तकही लागते आणि मैदानही.

गंगाराम कांबळेंची गोष्ट तर घराघरांत माहीत आहे. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून ज्याला मार खावा लागला, त्याला महाराजांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. महाराजांनी हुकूम काढले तसा चहाही प्यायला. लोकांच्या मनातली गाठ सोडवायला नुसता हुकूम पुरत नाही, एकत्र बसावे लागते, हे त्यांना ठाऊक होते.

आता दुसरा चहा. त्याच काळात पुण्यात पळवणकर बाळू नावाचा चर्मकार समाजातला तरुण गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत होता. पुढे हिंदूंच्या क्लबाला त्याची गोलंदाजी हवी झाली. मैदानावर तो संघाचा आधार, पण चहाच्या वेळी त्याला चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. हाच बाळू १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला आणि हरला, हेही आपण लपवू नये. राजकारणात तो समोरच्या बाजूला होता. पण खेळाडू म्हणून त्याने जे सोसले आणि जिंकले, ते आपल्याच इतिहासाचा भाग आहे.

या दोन चहांमधून मी एक धडा घेतो. खेळ आपोआप जात मोडत नाही. बाळूचा चेंडू चालत होता, त्याचा कप चालत नव्हता. जात मोडते ती सामन्यानंतर, डबा उघडताना, पाण्याची बाटली एकमेकांच्या हातात देताना, एकमेकांच्या घरी जाताना. आणि लहान मुलांच्या क्लबमध्ये हे घडवून आणणे पूर्णपणे स्वयंसेवकाच्या हातात असते. सराव संपल्यावर सगळ्या पोरांना गोल बसवून एकाच पातेल्यातले पोहे वाढायचे की ज्याने त्याने आपल्या घरी जायचे, हा निर्णय कोणतेही न्यायालय घेत नाही. तो रविवारी सकाळी कोणीतरी एक माणूस घेतो.

प्रेक्षक, मग आरोपी

आता दुसरी बाजू. ती मला कोर्टात दिसते.

कोल्हापूरच्या फुटबॉलला ईर्षेचा शाप आहे. पेठेपेठेतली चुरस मैदानात शोभते, पण ती गॅलरीत येते, गॅलरीतून रस्त्यावर, रस्त्यावरून मोबाईलच्या स्टेटसवर आणि तिथून पोलीस ठाण्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये सिद्धार्थनगर परिसरात काय झाले ते आपण विसरलो नाही. निमित्त होते एका फुटबॉल क्लबच्या कार्यक्रमाचे, फलकाचे आणि साउंड सिस्टीमचे. दगड आले, गाड्या जळल्या. कोण चूक, कोण बरोबर हे न्यायालय ठरवेल. मी त्यावर बोलणार नाही. मी एवढेच विचारतो की त्या रात्री दोन्ही बाजूंना पोरांच्या खांद्यावर हात ठेवून 'चल घरी' म्हणणारी किती माणसे होती?

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी आलेले एक प्रकरण सांगतो. नाव-गाव सांगत नाही. एकोणीस वर्षांचा पोरगा. डाव्या पायाचा, वाऱ्यासारखा धावणारा. घरी आई धुणीभांडी करणारी. त्याने पोलीस भरतीची तयारी केली होती, मैदानी चाचणीत चांगले गुण येतील अशी खात्री होती. एका सामन्यानंतर हाणामारी झाली. त्याने दगड मारला की नाही मला ठाऊक नाही, त्याने मला 'नाही' सांगितले आणि मी त्यावर विश्वास ठेवला. पण तो घोळक्यात होता. कायदा काय म्हणतो? बेकायदेशीर जमावातल्या एकाने समान उद्देशाने गुन्हा केला की जमावातला प्रत्येक जण त्या गुन्ह्याला जबाबदार. जुन्या दंड संहितेतले कलम १४९, आता भारतीय न्याय संहितेतले कलम १९०. पोरांना ऑफसाईडचा नियम पाठ असतो, हे कलम कोणी सांगितलेले नसते. जामीन झाला. पण भरतीच्या अर्जात 'आपल्यावर गुन्हा प्रलंबित आहे काय?' हा रकाना होता. त्याने भीतीने 'नाही' लिहिले. चारित्र्य पडताळणीत सगळे बाहेर आले. खेळ संपला.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात यावर सविस्तर निकाल दिला आहे. माहिती खरीच दिली पाहिजे. खरी माहिती दिली तर किरकोळ गुन्ह्याचा विचार सहानुभूतीने होऊ शकतो. लपवली तर बाजू दुबळी होते. हे त्या पोराला अर्ज भरायच्या आधी कोणी सांगितले असते तर? मी सांगू शकलो असतो. मी त्याच्या घरापासून पंधरा मिनिटांवर राहतो. पण तो माझ्याकडे आला तो पक्षकार म्हणून, फार उशिरा. मैदानावर भेटलो असतो तर वेळेवर भेटलो असतो. ही टोचणी मला आहे आणि ती मी इथे कबूल करतो.

अठरा वर्षांखालच्या मुलांबाबत तर कायदा आणखी उदार आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. त्या प्रकरणामुळे साधारणपणे त्याला पुढे अपात्रता चिकटत नाही, तशी तरतूद कलम २४ मध्ये आहे. पण हे कळायला रात्री अकरा वाजता पोलीस ठाण्यात जन्मदाखला घेऊन पोहोचणारा कोणीतरी लागतो. क्लबच्या फाईलमध्ये तो दाखला असतो. म्हणून फाईल नीट ठेवणारा कारकुनी स्वभावाचा माणूससुद्धा क्लबला गोल मारणाऱ्याइतकाच मोलाचा आहे.

काम काय करायचे?

'मला फुटबॉल येत नाही' ही सबब मी स्वतः अनेक वर्षे सांगितली. ती खोटी आहे. लहान मुलांच्या क्लबला शिकवणारा एक लागतो, बाकी चौघे न खेळणारे लागतात.

पहिले काम कागदाचे. मुलाचा जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र नसेल तर त्याचा अर्ज. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत होतात, त्यातूनच पुढे सुब्रतो चषकाचा रस्ता जातो. म्हणजे शाळेने संघ पाठवला नाही तर मुलाचे दार बंद. आपल्या वस्तीजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना जूनमध्येच जाऊन भेटणे, 'यंदा संघ पाठवा, सोबत यायला आम्ही आहोत' असे सांगणे, हे काम कोणीही पालक करू शकतो. पात्र कामगिरीला दहावी-बारावीत सवलतीचे क्रीडागुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, त्यासाठी ठरावीक दर्जाची स्पर्धा आणि पडताळणी झालेले प्रमाणपत्र लागते. आपल्यातल्या किती पालकांना हे माहीत आहे? सामाजिक आरक्षणावर आपण मोर्चे काढतो. त्याच्या जोडीला असलेला हा हक्क निव्वळ माहिती नसल्याने हातातून निसटतो.

दुसरे काम संस्थेचे. क्लबची नोंदणी करा. संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, धर्मादाय कार्यालयात दोन्हीखाली नोंदणी होते. सात जण गोळा झाले की संस्था होते. मग बँकेत खाते, पावतीपुस्तक, दरवर्षी हिशेब. कंटाळवाणे आहे, पण हेच कवच आहे. ज्या क्लबला पावतीपुस्तक नसते, त्याला निवडणुकीच्या तोंडावर कोणीतरी दादा टी-शर्ट वाटतो. टी-शर्टवर त्याचा फोटो असतो, आणि मग सभेला पोरे त्याची होतात. देणगी जरूर घ्या, पावती द्या, पण पोरांच्या पाठीवर कोणाचा चेहरा छापू देऊ नका.

तिसरे काम शिकवण्याचे, आणि ते शिकून करायचे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे प्रशिक्षक परवाने आहेत, सुरुवातीच्या पायऱ्या सामान्य माणसाला जमण्यासारख्या आहेत. आपल्या वस्तीतले जे तरुण खेळायचे थांबले आहेत, त्यांच्या फीसाठी मंडळाने पैसे घालावेत. एका रात्रीच्या साउंड सिस्टीमच्या भाड्यात किती चेंडू येतात, किती पोरांचे शिनगार्ड येतात, एका प्रशिक्षकाची फी भरून किती उरते, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने जयंतीच्या बैठकीत मांडावा. मी मिरवणुकीच्या विरोधात नाही. मी हिशेबाच्या बाजूने आहे.

चौथे काम राखणीचे. याबद्दल आपण बोलायला लाजतो, म्हणून मी स्पष्ट लिहितो. लहान मुले जिथे जमतात तिथे वाईट नजरेचा माणूसही येऊ शकतो. इंग्लंडमध्ये मुलांचे संघ असलेल्या क्लबला बालसुरक्षेची जबाबदारी असलेला एक पदाधिकारी नेमावाच लागतो आणि मुलांसोबत काम करणाऱ्यांची पूर्वतपासणी होते. आपल्याकडे 'आपलाच माणूस आहे' यावर सगळे चालते. ते चालू नये. कोणताही मोठा माणूस एकट्या मुलाला घेऊन कुठे जाणार नाही, बाहेरगावच्या सामन्याला नेहमी दोन मोठी माणसे, त्यांत मुली असतील तर एक बाई, हे नियम भिंतीवर लावा. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम २०१२, म्हणजे पोक्सो, सांगतो की असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे. 'वस्तीची बदनामी नको' हे कारण कायद्याला मान्य नाही आणि तथागतांच्या शिकवणुकीलाही नाही. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक प्रत्येक पोराला पाठ पाहिजे.

मुली कुठे आहेत?

कोल्हापूरच्या मुलींचा फुटबॉलही मोठा आहे. एफसी कोल्हापूर सिटीचा महिला संघ २०१८-१९ च्या हंगामात देशपातळीवरच्या इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळला. पण मी त्या रविवारी मैदानावर मोजले. आपल्या पोरांत मुली होत्या तीन. त्यातली एक भावाला सोडायला आली होती आणि थांबली होती.

मुली का येत नाहीत? मैदानाजवळ स्वच्छतागृह नाही. कपडे बदलायला आडोसा नाही. सराव उजाडायच्या आधी, वाटेत दिवे नाहीत. आणि सोबत यायला बाई नाही. यातल्या पहिल्या तीन गोष्टींसाठी महापालिकेला निवेदन द्यावे लागेल, पाठपुरावा करावा लागेल, ते मी वकील म्हणून करीन. चौथी गोष्ट आपल्या महिला मंडळाच्या हातात आहे. सावित्रीमाई शाळेच्या वाटेवर शेणगोळे झेलत चालत होत्या, तेव्हा त्यांच्या मुलींना शाळा मिळाली. आज शेण कोणी मारत नाही, फक्त सोबत चालायचे आहे. दोन आयांनी पाळीपाळीने मैदानाच्या कडेला बसायचे. तेवढ्याने पुढच्या महिन्यात तीनच्या तेरा मुली होतील, असे तो गवंडी म्हणतो आणि मला ते पटते.

आक्षेपांना उत्तर

'पोटाला नाही आणि फुटबॉल कसला?' हा पहिला आक्षेप. नागपूरला या. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या पोरांसाठी फुटबॉल सुरू केला. पोटाला नसलेलीच पोरे होती ती. त्या कामातून 'स्लम सॉकर' उभी राहिली, त्यातली पोरे बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली, २०१६ साली फिफाचा पुरस्कार आला आणि २०२२ साली नागराज मंजुळे यांनी 'झुंड' काढला. सिनेमा बघून आपण शिट्ट्या मारल्या. पण बारसे सरांची पहिली कित्येक वर्षे कॅमेऱ्याशिवायची होती. आपल्याला शिकायचे आहे ते त्या वर्षांकडून.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. 'आपला वेगळा क्लब काढायचा की पेठेच्या तालमीत पोरे घालायची?' माझे मत असे की दोन्ही करा. पण वेगळा क्लब काढलात तर त्याचे दार उघडे ठेवा. शेजारच्या गल्लीतले मराठ्याचे, मुसलमानाचे, लिंगायताचे, मातंगाचे पोरगे आले तर त्याला आधी खेळवा. आपल्याला जातीचा आणखी एक संघ नको आहे, तसे संघ पुष्कळ आहेत. १९३६ च्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी ज्या मुक्त सामाजिक देवाणघेवाणीची मागणी केली, ती पोरांच्या संघात जितकी सहज होते तितकी मोठ्यांच्या परिषदेत होत नाही. आणि पेठेच्या तालमीत आपले पोरगे गेले तर त्याच्याबरोबर आपणही जा. फक्त टाळ्या वाजवू नका, समितीवर बसा, चुना मारा, हिशेब लिहा. जो काम करतो त्याला डावलणे अवघड जाते. आणि जातीवरून कोणी अपमान केलाच, तर अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ आहे, मी आहे. पण तो शेवटचा उपाय. पहिला उपाय म्हणजे रोज तिथे असणे.

तिसरा आक्षेप, 'वेळ नाही.' याला उत्तर नाही, कारण हे कारणच नाही. तो गवंडी सहा दिवस विटा रचतो आणि सातव्या दिवशी मैदानावर असतो.

शेवटी एवढेच

बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० ला, बाबासाहेब हयात असताना, माधवराव बागलांनी त्यांचा आणि महात्मा फुल्यांचा पुतळा बसवला. दर १४ एप्रिलला आपण तिथे हार घालतो. घालावेतच. पण तिथून मैदान काही फार लांब नाही.

मी त्या एप्रिलपासून रविवारी जातो. चेंडू मला अजून नीट मारता येत नाही, पोरे हसतात. माझ्याकडे फाईल दिली आहे. चौतीस पोरांपैकी एकोणीस जणांचे जन्मदाखले झाले, पंधरा बाकी आहेत. चार जणांच्या आयांना मी दाखल्याचा अर्ज भरून दिला. मागच्या महिन्यात एका पोराला सामन्यात शिवी दिली म्हणून पंचांनी बाहेर काढले. पूर्वी असे झाले असते तर मित्र धावून गेले असते. या वेळी तो गवंडी उठला, पोराला बाजूला बसवले, पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "बस. सामना संपूस्तवर बस. मग पंचांकडं जाऊन माफी मागायची, मी येतो संगट." पोरगा बसला. सामना संपला. दोघे गेले. त्या दिवशी पोलीस ठाण्याची डायरी कोरी राहिली.

समाजबांधवांनो, प्रत्येक वस्तीतून पाच माणसे द्या. एक शिकवणारा, एक कागद सांभाळणारा, एक हिशेब लिहिणारा, एक सोबत येणारी आई आणि एक वकील किंवा शिक्षक. आठवड्याचे दोन तास. ठराव झाला आहे, कायदा आहे, मैदान आहे. ओंजळ भरायला माणसे हवी आहेत.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला. विचार करत बसू नका, या.

जयभीम!